बाल्कनी नको, स्टॉल घ्या: द्राक्षपट्ट्यातल्या एका जुन्या टॉकीजचं परीक्षण

नाशिकहून तासाभराच्या अंतरावर, कांदा आणि द्राक्षांच्या पट्ट्यात, बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्याला हे टॉकीज आहे. मालकांच्या घरच्यांनी नाव छापू नका असं सांगितलं म्हणून इथे देत नाही. त्या बाजूच्या लोकांना दोन परिच्छेदांतच ओळख पटेल. तिसरी पिढी चालवतेय आणि अजून रोज पडदा उजळतोय, हेच आधी सांगायला हवं. नाशिक शहरात विजयानंद, सर्कल, मधुकर, हेमलता, दामोदर ही नावं घेतली की एक पिढी गहिवरते. तालुक्याच्या गावांतल्या टॉकीजवर मात्र कोणी दोन ओळी लिहीत नाही, म्हणून हे जरा सविस्तर.

तिकीट स्टॉलचं, म्हणजे खालच्या मजल्याचं, ६० रुपये, बाल्कनीचं ८०. खिडकीवर रोख चालते, क्यूआर कोडही लावलाय. ॲपवर बुकिंग नाही. रोजचे खेळ दोन, ३ चा आणि ६ चा. आठवडे बाजाराच्या दिवशी १२ चा लागतो, आणि पिक्चर जोरात असेल तर रात्री ९ चाही. दहा तिकिटं गेली नाहीत तर खेळ रद्द करून पैसे परत देतात, म्हणून आडवारी दुपारी जाणार असाल तर अडीचच्या सुमारास खिडकीवर विचारून घ्या.

आता मुख्य सल्ला. बाल्कनीचं तिकीट काढू नका. वीस रुपये वाचवायचे म्हणून नव्हे. या हॉलमध्ये चित्र आणि आवाज दोन्ही स्टॉलमध्ये सरस आहेत. स्टॉलची मागून पाचवी किंवा सहावी रांग धरा आणि मधल्या सहा-सात खुर्च्यांमध्ये बसा. त्याच्या मागे गेलात तर डोक्यावर बाल्कनीचा स्लॅब येतो, आवाजातला वरचा खुलेपणा दबतो आणि शेवटच्या दोन रांगांतून पडद्याची वरची कड कापली जाते. फार पुढे, जुन्या पिटात बसलात, तर मागच्या स्पीकरचा आवाज यावा म्हणून पडद्याला पाडलेली बारीक भोकं नाकासमोर दिसतात.

असं का, याचं उत्तर या घराण्याच्या तीन पिढ्यांच्या निर्णयांत आहे. एकपडदा थिएटरात प्रेक्षकाला जे खटकतं किंवा आवडतं, ते बहुतेक वेळा चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी काहीतरी ठरवलं त्याचा परिणाम असतं. इथे तर ते भिंतीवर लिहिल्यासारखं वाचता येतं.

इमारत बांधली थोरल्या शेठनी, साठच्या दशकाच्या अखेरीस. मूळ धंदा कांद्याची आडत. त्याआधी काही वर्षं त्यांनी जत्रांमधून टुरिंग टॉकीज फिरवलं होतं. तंबूच्या सिनेमात जमीन सपाट असते, मागचा माणूस उभा राहतो, मग त्याच्या मागचा उभा राहतो आणि अर्ध्या तासात भांडण लागतं. शेठनी बांधताना ही एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवली आणि स्टॉलच्या जमिनीला उतार चांगला काढला. पुढे मंद, मागे गेलं की वाढत जाणारा. कंत्राटदार लोक सरळ एकसारखा उतार देऊन मोकळे होतात. तो दिसायला उतार असतो, पण मागच्या रांगांना पुढचं डोकं आडवं येतंच. इथे पुढे फेटा बांधलेला माणूस बसला तरी पडद्याची खालची कड दिसते. जिने रुंद, दरवाजे भरपूर आणि सगळे बाहेर उघडणारे. गर्दी कशी शिरते आणि कशी बाहेर पडते हे त्या माणसाला नीट ठाऊक होतं. हाउसफुल खेळ सुटल्यावर हॉल पाच मिनिटांत रिकामा होतो.

त्यांचा दुसरा निर्णय म्हणजे गाळे. रस्त्याला लागून प्लॉटच्या दोन्ही अंगांना दुकानांचे गाळे काढले आणि उरलेल्या पट्टीत हॉल बसवला. त्यामुळे हॉल लांब आणि अरुंद झाला. जुन्या मापाचे पिक्चर जवळपास चौकोनी असत, रुंदी उंचीच्या १.३७ पट, तोवर यात काही वावगं नव्हतं. पण १९५९ पासून आपल्याकडे सिनेमास्कोप या रुंद मापात पिक्चर बनू लागले होते आणि पुढे मोठे पिक्चर त्याच मापात येऊ लागले. स्कोपची रुंदी उंचीच्या २.३५ पट, आजच्या डिजिटलमध्ये २.३९. रुंद हॉलमध्ये स्कोपसाठी बाजूचे काळे पडदे सरकवतात आणि चित्र दोन्हीकडे पसरतं, उंची तीच राहते. इथे बाजूला जागाच नाही, तिथे भिंत आहे आणि भिंतीपलीकडे खताचं दुकान. त्यामुळे रुंदी तीच ठेवून उंची कमी करावी लागते. थोडक्यात, जो पिक्चर सगळ्यात भव्य दिसायला हवा तोच इथे बुटका दिसतो. वर-खाली पडद्याच्या उघड्या पट्ट्या राहतात आणि चित्रातला उजेड सांडून त्या करड्या दिसतात.

तरीही गाळ्यांना नावं ठेवायची आमची तयारी नाही. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ सेंटरं आली, नव्वदीत केबल आली, मग शहरात मल्टिप्लेक्स आले आणि राज्य सरकारने त्यांना सुरुवातीची काही वर्षं करमणूक करात सूट दिली. एकपडदावाले त्याच काळात पूर्ण कर भरत होते. या प्रत्येक तडाख्यात पट्ट्यातली कितीतरी थिएटरं बसली. कुठे मंगल कार्यालय झालं, कुठे कांद्याचं गोडाऊन. हे टिकलं ते गाळ्यांच्या भाड्यावर. अरुंद पडदा ही त्या टिकण्याची किंमत आहे आणि ती रास्त आहे. पट्ट्यांचा उपाय मात्र सोपा असूनही झालेला नाही. वरच्या बाजूला काळ्या जाड कापडाची, दोरी-कप्पीवर खालीवर होणारी एक झालर आणि खाली तशीच एक स्थिर पट्टी, एवढंच हवंय. चित्राच्या कडेला गडद काळं असलं की तेच चित्र अधिक उजळ आणि अधिक धारदार वाटतं, उंची इंचभर न वाढवता. गावातला मंडपवालाही शिवून देईल.

दुसरी पिढी अण्णांची. त्यांना मशीन कळायचं. गल्ल्यावर कमी आणि बूथमध्ये, म्हणजे प्रोजेक्टरच्या खोलीत, जास्त असणारा मालक, असं त्या पट्ट्यातल्या जुन्या ऑपरेटरांमध्ये अजून बोललं जातं. आजही हॉलमध्ये जे धड आहे त्यातलं बरंचसं त्यांचं.

बूथ बघण्यासारखा आहे. ६ चा खेळ सुटल्यावर डोअरकीपरला विनंती केली तर वर नेतात. खेळ चालू असताना मागू नका. दार लोखंडी. भिंतीतल्या प्रत्येक झरोक्यावर लोखंडी झापड, सगळ्या झापडांना एकच साखळी, आणि साखळीत मध्ये कमी उष्णतेला वितळणाऱ्या धातूची एक कडी. फिल्मने पेट घेतला की कडी वितळायची, झापडं एकदम खाली पडायची आणि आग-धूर बूथमध्येच कोंडायचा. जुनी नायट्रेटची फिल्म भयंकर ज्वालाग्राही होती. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ती बनणं बंद झालं, म्हणजे या इमारतीत ती बहुधा कधी चाललीच नाही. पण परवान्याच्या नियमांत झापडांची अट राहिली आणि शेठनी ती इमानेइतबारे पाळली. कडी अजून जागेवर आहे.

छपरावर दोन पत्र्याच्या चिमण्या दिसतात. रस्त्यावरून बघणाऱ्याला त्या कॅन्टीनच्या वाटतात. त्या कार्बन आर्कच्या, म्हणजे प्रोजेक्टरच्या जुन्या दिव्याच्या. दोन कार्बनच्या कांड्या, तांब्याचा मुलामा दिलेल्या, समोरासमोर धरायच्या, रेक्टिफायरमधून डीसी सोडायचा, टोकं क्षणभर टेकवून लांब करायची की मधल्या फटीत आर्क पेटतो. कांड्या जळत जातात तशी फट वाढते आणि उजेड बिघडतो. कमी पडली तर आर्क फडफडतो. म्हणून ऑपरेटर काळ्या काचेतून फटीकडे डोळा लावून चावी फिरवत बसायचा. धूर आणि राख त्या चिमण्यांतून बाहेर जायची. तो उजेड मात्र पांढराशुभ्र, उन्हासारखा. ज्यांनी कार्बनवर रंगीत पिक्चर पाहिलाय ते त्या रंगांबद्दल सांगतात त्यात अतिशयोक्ती नाही.

दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी अजून उभे आहेत, तेलपाणी केलेले. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी पळते. फुटाला १६ चौकटी बसतात, म्हणजे मिनिटाला ९० फूट. अडीच तासांचा पिक्चर झाला साडेतेरा हजार फूट, चार किलोमीटरच्या वर. हजार-हजार फुटांची रिळं दोन-दोन जोडून दोन हजारांचं एक रीळ करायचं. ते सुमारे २२ मिनिटं चालतं. अशी सात जोडरिळं, म्हणजे सहा वेळा एका मशीनवरून दुसऱ्यावर जायचं. त्यातला एक बदल मध्यंतरात लपतो, उरलेले पाच प्रेक्षकाला कळता कामा नयेत. चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो, तेव्हा दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, तेव्हा झडप फिरवायची. डुलकी लागली तर पडदा पांढरा, आणि पिटातून शिट्ट्या. त्या भिंतीवर खडूने काढलेला रिळांचा तक्ता अजून आहे. पुसलेला नाही आणि पुसू नये.

गिअरपेटीतला माल्टीज क्रॉस उघडून दाखवला तर नक्की बघा. चार खाचांचं, तळहातात मावणारं पोलादी चाक. फिल्म सलग धावली तर पडद्यावर नुसता पट्टा दिसेल. प्रत्येक चौकट क्षणभर थांबवून मग झटक्याने पुढे न्यावी लागते. फिरणाऱ्या चकतीवरची खुंटी खाचेत शिरते, चाक पाव वळण घेतं, खुंटी बाहेर पडते, चाक जागच्या जागी. सेकंदाला चोवीसदा, वर्षानुवर्षं. तेल कमी पडलं की खाच झिजते आणि पडद्यावरचं चित्र वर-खाली थरथरायला लागतं. अण्णांच्या मशीनची खाच अजून धारदार आहे. त्या चाकाला बोट लावून बघितलं की हा माणूस तेलाच्या बाबतीत किती काटेकोर होता ते कळतं.

पिक्चर बुक करायचा तर मुंबईला लॅमिंग्टन रोडवरच्या नाझ बिल्डिंगमध्ये वितरकाच्या ऑफिसात जायचं. मिनिमम गॅरंटी (वितरकाला ठरलेली किमान रक्कम), टक्केवारी किंवा आठवड्याचं ठरावीक थिएटर भाडं, असे सौदे. प्रिंटची पेटी एसटीच्या टपावरून यायची. एकेका प्रिंटचा खर्च मोठा असल्याने प्रिंटा मोजक्याच निघत आणि आधी मोठ्या शहरांत झिजून मग तालुक्याला येत. दोन गावांनी एकच प्रिंट वाटून घेणंही चाले. एका गावचा खेळ पाऊण तास आधी, दुसऱ्याचा नंतर, आणि मोटरसायकलवर रिळं घेऊन धावणारा पोरगा. पाऊस लागला की मध्यंतर लांबायचं. रोजच्या विक्रीचा अहवाल, म्हणजे डीसीआर, वितरकाचा माणूस तिकिटांच्या नंबरांशी ताडून बघायचा. या घराण्याचे डीसीआर चोख असायचे अशी ख्याती होती, आणि त्यामुळे चांगला पिक्चर यांना शेजारच्या गावांच्या आधी मिळायचा. धंद्यात पत म्हणतात ती ही.

अण्णांनी कार्बन काढून झेनॉन वायूचा दिवा बसवला. कांड्यांचा रोजचा खर्च गेला, फट सांभाळणं गेलं. नव्वदीच्या उत्तरार्धात डीटीएस ही डिजिटल आवाजाची यंत्रणा आणली. त्यात आवाज फिल्मवर नसून सीडीवर असतो, फिल्मच्या कडेला फक्त वेळेच्या खुणा. सीडीवर चरा पडला की यंत्र आपोआप फिल्मवरच्या जुन्या ध्वनिपट्टीवर उतरतं आणि आवाज एकदम चपटा होतो. डीटीएस गेलं, पण त्यासाठी केलेलं काम राहिलं. पडद्यामागे तीन मोठे स्पीकर भक्कम लाकडी चौथऱ्यावर, भिंतींना छिद्रांचे बोर्ड आणि त्यांच्या मागे ग्लासवूल. हॉल अरुंद असल्याने आवाज घुमायची भीती होती, ती त्या बोर्डांनी मारली. संवाद आजही स्टॉलच्या मधल्या पट्ट्यात स्वच्छ ऐकू येतात.

स्वच्छ, पण पूर्ण नाही. दोन दोष आहेत. डाव्या भिंतीवरचे मागचे दोन सराउंड स्पीकर बंद आहेत, त्यामुळे गर्दीचा किंवा पावसाचा आवाज एकाच बाजूने येतो. आणि मधल्या स्पीकरच्या हॉर्नमध्ये (कर्ण्यामध्ये) स, श, च ही अक्षरं किंचित फाटतात. हे लक्षण हॉर्नमागच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागाच्या, पातळ पडदीला तडा गेल्याचं. पूर्ण ड्रायव्हर बदलायची गरज नसते, नुसती पडदी मिळते आणि तासाभरात बसते. तडा वाढू नये म्हणून आवाज कमी ठेवलाय. आवाजाच्या प्रोसेसरवर प्रमाण आकडा ७ असतो, इथे ५ च्या आसपास चालवतात. मारामारीचा पिक्चर बघायला आलेल्याला हे मिळमिळीत वाटणारच, आणि दोष पिक्चरचा नसतो.

तिसऱ्या पिढीत दोघे चुलत भाऊ. एक गाळे आणि हिशेब बघतो, दुसरा थिएटर. यांच्या वाट्याला सगळ्यात अवघड काळ आला आणि यांच्याच हातून एक मोठी चूक झाली. ती समजून घेतली की बाल्कनी का नको हे कळेल.

२००५ पासून यूएफओसारख्या सेवांनी उपग्रहावरून पिक्चर पाठवायला सुरुवात केली. छपरावर छत्री, बूथमध्ये सर्व्हर आणि डिजिटल प्रोजेक्टर. तालुक्याच्या थिएटरला मुंबईच्या बरोबरीने शुक्रवारी नवाकोरा पिक्चर मिळू लागला, ओरखडे नाहीत, गाळलेली चौकट नाही. दोघा भावांनी वेळेत उडी घेतली, म्हणून ते आज आहेत. २०१३ मध्ये फुजीने सिनेमाची फिल्म बनवणं थांबवलं, तोवर त्यांच्याकडे फिल्म बंद होऊन काळ लोटला होता. हे पाऊल शंभर टक्के बरोबर होतं.

चूक झाली २०१० च्या थ्रीडीच्या लाटेत. थ्रीडीचे दोन मार्ग होते. एकात चष्मा बॅटरीवर चालतो, पडदा साधा पांढरा चालतो. दुसऱ्यात चष्मा साधा, स्वस्त, पण उजेडाचं ध्रुवीकरण टिकवायला पडदा चंदेरी लागतो. बॅटरीचा चष्मा महाग. बाजाराच्या गर्दीत चार हरवले की आठवड्याची कमाई गेली. म्हणून चंदेरी पडदा घेतला. त्या वेळचं गणित चुकीचं नव्हतं. थ्रीडीचे पिक्चर मात्र वर्षातून दोन-चार यायचे, मग तेही थांबले, आणि पडदा मागे राहिला.

पांढरा पडदा उजेड सगळीकडे सारखा पसरवतो. चंदेरी पडदा अर्धवट आरशासारखा वागतो. समोरच्याला अडीचपट उजेड देतो आणि बाजूच्याला उपाशी ठेवतो. इथे प्रोजेक्टर बाल्कनीच्याही वर आहे, उजेड तिरका खाली पडतो आणि आरशाच्या नियमाने परत खाली, स्टॉलकडे जातो. स्टॉलच्या मागच्या मध्यावर बसलेल्याला सगळ्यात उजळ भाग पडद्याच्या बरोबर मध्यावर दिसतो. बाल्कनीतल्या माणसाला तोच उजळ डाग पडद्याच्या वरच्या कडेला सरकलेला दिसतो. आभाळ झगझगीत, माणसांचे चेहरे अंधारात. कडेच्या खुर्चीवरून बघितलं तर लांबची बाजू संध्याकाळ झाल्यासारखी. पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लँबर्ट (हे पडद्यावरचा उजेड मोजायचं माप) आणि कडांना त्याच्या किमान ७५ टक्के हे जगभरचं प्रमाण आहे. चंदेरी पडद्यावर साधा पिक्चर लावून ते गाठणं जवळपास अशक्य. शिवाय बाल्कनीच्या पहिल्या रांगेला कठडा आडवा येतो आणि शेवटच्या रांगेला झरोक्यातून प्रोजेक्टरच्या पंख्यांची घरघर ऐकू येते. आता वीस रुपये जास्त कशाला द्यायचे?

पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्याकडे नीट बघा. फिकट दृश्य आलं की तिथे कमानीच्या आकाराचे चार-पाच मळकट वळ दिसतात. हाताने फडकं फिरवावं तसेच. कोणीतरी चांगल्या मनाने ओल्या फडक्याने पडदा पुसला होता. चंदेरी पडद्यावर ॲल्युमिनियमचा बारीक थर असतो. पाणी लागलं, बोट लागलं, तरी तो कायमचा उतरतो. या पडद्याला फक्त मऊ ब्रशने, तेही कोरड्या, वरून खाली झटकायचं असतं. ते वळ आता पडदा बदलेपर्यंत जाणार नाहीत.

म्हणून पहिली मागणी साध्या पांढऱ्या, भोकांच्या पडद्याची. भोकं नवी, मोकळी असली की मागच्या स्पीकरचा वरचा आवाजही सुधारतो. जुन्या पडद्याच्या भोकांत धूळ बसून तो दबतो. पैसे लगेच नसतील तर आहे तो पडदा वरच्या बाजूने थोडा मागे कलता करावा. उजळ डाग बाल्कनीसाठी खाली येईल, स्टॉलला थोडं कमी मिळेल, पण दोन्हीकडे सुसह्य होईल. पाठीमागच्या चौकटीचे बोल्ट सैल करून करायचं काम आहे. सर्व्हिस इंजिनिअर पुढच्या फेरीला आला की त्याच्या समोर करून घ्यावं, कारण कलतं केलं की फोकस आणि चित्राच्या कडा पुन्हा जुळवाव्या लागतात.

आता दिवा. झेनॉनचा बल्ब ठरलेल्या तासांनंतरही जळत राहतो, पण उजेड कमी होतो, पिवळसर होतो आणि पांढऱ्या दृश्यात लुकलुकतो. इथे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, धंदा मंद असताना, बल्ब हमखास ताणलेला असतो. लुकलुक दिसली की डोअरकीपरला सांगा, ते वर निरोप देतात. बल्बमध्ये वायू प्रचंड दाबाने भरलेला असतो, म्हणून तो खेळाच्या मध्ये बदलता येत नाही. थंड होऊ देऊन, तोंडाला ढाल लावूनच हात घालावा लागतो. तक्रार केली आणि लगेच काही झालं नाही तर चिडू नका, दुसऱ्या दिवशी झालं की नाही ते विचारा. सुरुवातीलाच चित्र पडद्याबाहेर सांडत असेल किंवा भलतंच लहान दिसत असेल, तर ती स्कोप आणि फ्लॅट (कमी रुंद माप) यांतली निवड चुकलेली असते. ते एका बटणाचं काम आहे, पहिल्या पाच मिनिटांत सांगा.

वीज गेली तर जनरेटर दोन मिनिटांत चालू होतो, पण पिक्चर नाही. सर्व्हर नव्याने उठायला पाच-दहा मिनिटं घेतो. नुसत्या सर्व्हरला एक चांगला यूपीएस लावला तर हा खोळंबा निम्म्यावर येईल. कधीकधी शुक्रवारचा पहिला खेळ लांबतो, त्याचं कारण वेगळं. पिक्चर कुलूपबंद येतो आणि त्याची चावी म्हणून एक छोटी फाइल स्वतंत्र येते, त्याच सर्व्हरपुरती आणि ठरावीक तारखांपुरती. ती उशिरा आली तर ऑपरेटरच्या हातात काहीच नसतं. त्याच्यावर ओरडू नका.

तिकीट शंभराच्या आत का, असं लोक विचारतात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा शंभरापर्यंतच्या तिकिटाला १८ टक्के आणि वरच्याला २८ होता. १ जानेवारी २०१९ पासून १२ आणि १८ झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभरापर्यंत ५ टक्के, वर १८ च. शंभराची रेघ ओलांडली की तेरा टक्क्यांचा फरक पडतो, आणि गिऱ्हाईकही जातं. ८० वर ठेवणं शहाणपणाचं आहे. कर कमी झाल्याने जो फरक सुटला तो पडद्यासाठी बाजूला टाकला तर अधिक शहाणपणाचं होईल.

गिऱ्हाईक कोण, यावर इथला पिक्चर ठरतो. ऑक्टोबरच्या छाटणीला पेठ, सुरगाण्याकडून मजूर उतरतात आणि बाजाराच्या दिवशी हिंदीत डब केलेल्या दक्षिणेतल्या पिक्चरला पीट भरतं. कांदा पडला की शुक्रवारचा गल्ला पडतो, इतकं हे जोडलेलं आहे. मराठी पिक्चर लावतात, पण बहुतेकदा ३ चा खेळ देतात. त्या वेळी शेतातली आणि दुकानातली माणसं कामावर असतात. मग मराठीला गर्दी नाही असं म्हणतात. ज्या जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरला दादासाहेब फाळके जन्मले आणि ज्या नाशकात त्यांनी १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी केली, तिथे मराठी पिक्चरला ६ चा खेळ मिळायला हवा. निदान शनिवार-रविवार.

बाकीचं थोडक्यात. खुर्च्या फोमच्या, दोन रांगांतलं अंतर ऐसपैस, ढेकूण नाहीत, हे मुद्दाम सांगतो कारण पहिला प्रश्न तोच असतो. बायकांचं स्वच्छतागृह चांगलं, पाणी असतं, दाराला कडी आहे. पुरुषांचं मध्यंतरात अपुरं पडतं. कॅन्टीनमध्ये समोसा, भेळ, चहा, सगळं बाहेरच्याच भावात. बाहेरचं खाणं आत न्यायलाही कोणी अडवत नाही. उन्हाळ्यात पाण्याचे मोठे कूलर चालतात, एप्रिल-मेमध्ये ३ च्या खेळाला ते कमी पडतात कारण छपराचा पत्रा दिवसभर तापलेला असतो. ६ चा बरा. थंडीत उलटं. निफाडचा पारा घसरल्याची बातमी पेपरात आली की तोच पत्रा रात्री बर्फासारखा होतो आणि हॉल तापवायची काही सोय नाही. डिसेंबर-जानेवारीत ९ च्या खेळाला जाणार असाल तर शाल, कानटोपी बरोबर असू द्या, आणि उजव्या भिंतीलगतच्या खुर्च्या टाळा. तिथल्या दाराच्या फटीतून थेट मळ्याचा वारा येतो.